खरेदीखतावर खरा आकडा



आयकर खात्याची धाड पडली, बिल्डरच्या घरात अमुक कोटी रोख सापडली, अशी बातमी आली की आपण चहाबरोबर चवीने वाचतो. 'बरं झालं, मोठे मासे गळाला लागले' म्हणतो आणि पान उलटतो. मीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. पण त्या थप्पीतली एखादी गड्डी माझ्यासारख्याच्या हातातून गेलेली असते, हे गेल्या वर्षी घर विकायला काढल्यावर नीट कळलं. म्हणून हे पत्र.

आधी माझी चूक सांगतो. पोस्टात नोकरी करत असताना 2003 साली टिळकवाडीत फ्लॅट घेतला. खरी किंमत 7 लाख, खरेदीखतात लिहिले 4 लाख. बाकीचे 3 लाख विकणाऱ्याने पिशवीतून मोजून घेतले. सब-रजिस्ट्रारसमोर मी सही केली, तेव्हा 'सगळेच करतात' असं मनाला समजावलं. त्या दिवशी साक्षीदार म्हणून सही करायला माझ्या सोबत आलेले दोघेही आमच्याच मंडळीतले. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. रविवारी तिघेही एकाच बाकावर बसलो.

आता मिसेसला जिने चढवत नाहीत म्हणून तो फ्लॅट विकायचं ठरलं. दोन गिऱ्हाइकं आली. एकाने 50 लाख देऊ केले. त्यातले 30 कागदावर, 20 रोख. एजंट म्हणाला, "काका, सरकारी दराच्या वर आहे, काही होत नाही. टॅक्सही कमी." दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक नर्स आणि तिचा शिक्षक नवरा. त्यांची ताकद 46 लाख, तेही बँकेचं कर्ज काढून, सगळं चेकने.

वहीत हिशेब मांडला. कागदावरची खरेदी 4 लाख, विक्री 46 लाख, म्हणजे नफा 42 लाख. साडेबारा टक्क्यांनी कर सव्वापाच लाख, उपकर वेगळा. रोखीच्या सौद्यात कागदावरचा नफा 26 लाखच, कर सव्वातीन लाख. म्हणजे एकीकडे हातात पावणे-सत्तेचाळीस लाख, दुसरीकडे पावणे-एक्केचाळीस. खरेपणाची किंमत बरोबर सहा लाख रुपये. पेन्शनीवर जगणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, तुम्ही एकट्याने सरळ वागून देश सुधारणार आहे का?"

त्या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसली. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी कर काढायची सवलत आहे. 2003 साली मी खरे 7 लाख लिहिले असते, तर त्या पद्धतीने कर 4 लाख 37 हजारांच्या आसपास बसला असता. म्हणजे तेव्हा लपवलेल्या 3 लाखांपायी आज सुमारे 88 हजार जास्त भरावे लागले. काळ्या पैशाची साखळी अशीच चालते. ज्याने घेताना कमी लिहिलं, त्याला विकताना नफा फुगलेला दिसतो. मग तोही पुढच्याकडे रोख मागतो. कुणीतरी मध्येच थांबून तोटा सोसल्याशिवाय ही साखळी तुटत नाही.

मी मात्र लगेच शहाणा झालो नाही. दोन रात्री झोप लागली नाही. तेवढ्यात आमच्या ओळखीच्या एक विधवा बाई एक नोटीस घेऊन आल्या. पोस्टातला माणूस म्हणून लोक अजून माझ्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांनी नवऱ्याच्या नावची जागा एका बिल्डरला विकली होती. निम्मी रक्कम रोख. पुढे त्या बिल्डरवर धाड पडली आणि झडतीत एक डायरी सापडली. तिच्यात तारीख, बाईंचं नाव आणि दिलेला आकडा लिहिलेला.

धाड दुसऱ्याच्या घरावर असली तरी तिथे सापडलेल्या कागदावरून तिसऱ्या माणसाची चौकशी कायद्याने होऊ शकते, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. बिल्डरकडे वकील होते, सीए होते. बाईंकडे काय होतं? रोख पैसा बँकेत टाकता येईना, म्हणून कपाटात ठेवलेला. त्यातला बराचसा पुतण्याला धंद्यासाठी दिला, तोही चिठ्ठी-चपाटीशिवाय. तो परत आला नाही आणि आता मागायलाही पुरावा नाही. "ते म्हणाले तसं मी केलं," एवढंच त्या म्हणत होत्या. मी काय उत्तर देणार? 2003 साली मीही तसंच केलं होतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. 1 जून 2015 पासून जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला बंदी आहे. संचकारसुद्धा त्यात आला. मोडलं तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा विकणाऱ्याला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या, बेंगळुरूच्या एका जागेच्या वादात निकाल दिला. 75 लाख संचकार रोख दिला असा तिथे दावा होता. 2 लाख किंवा अधिक रोख दिल्याचा दावा कोर्टात आला, किंवा नोंदणीच्या कागदात तसं लिहिलेलं असलं, तर आयकर खात्याला कळवलंच पाहिजे असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे रोख देऊन फसलेला माणूस कोर्टाची पायरी चढला, तर स्वतःचीच खबर देणार.

आपल्या लोकांना पवित्र शास्त्रातली एक गोष्ट आठवून देतो. प्रेषितांच्या कृत्यांतले हनन्या आणि सप्पीरा जमीन विकूनच अडचणीत आले. पेत्राने त्यांना पैसे ठेवून घेतल्याबद्दल दोष दिला नाही. जमीन त्यांची, पैसेही त्यांचेच होते. त्यांना दोष लागला तो विक्रीचा आकडा खोटा सांगितल्याबद्दल. आणि यिर्मयाने अनाथोथचं शेत घेतलं तेव्हा 17 शेकेल चांदी साक्षीदारांसमोर तोलून दिली, खरेदीखत करून ते मातीच्या भांड्यात जपायला सांगितलं. आपले उपदेश दशांशावर पुष्कळ होतात. खरेदीखतावर मी आजवर एकही ऐकला नाही.

दुसरी बाजूही मान्य करतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचा बोजा मोठा आहे. सरकारी दर आणि बाजारभाव यांत अंतर असतं, आणि त्या फटीतच हा धंदा चालतो. सरकारने दर बाजाराजवळ आणावेत आणि शुल्क कमी करावं, ही मागणी रास्त आहे. पण त्या फटीचा तोटा कुणाला होतो ते पाहा. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. पगारदार माणसाला 20 लाख रोख कुठून मिळणार? म्हणून आपली शिकलेली, नोकरी करणारी मुलं गावाबाहेर भाड्याने राहतात आणि भरवस्तीतली घरं दोन नंबरवाल्यांकडे जातात. आपणच ती विकतो आणि मग 'कॅम्पात आता आपलं कोण उरलं?' म्हणून हळहळतो.

मी फ्लॅट त्या नर्सला 46 लाखांना दिला. मुलगा महिनाभर नीट बोलला नाही. सहा लाख अजूनही आठवतात, खोटं कशाला बोलू? सरळ मार्गातही सवलती आहेत. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा सहा महिन्यांत नफ्यातले 50 लाखांपर्यंत ठरावीक बाँडमध्ये गुंतवले, तर तेवढ्यावर कर वाचतो. बाँडमध्ये पैसे पाच वर्षं अडकतात आणि मला ते उपचारांसाठी लगेच हवे होते, म्हणून तो मार्ग घेतला नाही. तुम्हाला जमेल. विकण्याआधी सीएला विचारा, एजंटला नको.

आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. उद्या कुणी साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं, तर आधी आकडा वाचा. तो खोटा आहे हे ठाऊक असेल, तर पेन खाली ठेवा. माझ्या त्या दोन साक्षीदारांपैकी एकाने तेव्हा तसं केलं असतं, तर मला राग आला असता. पण आज मी त्याचे आभार मानले असते.

— एक निवृत्त टपाल कर्मचारी, बेळगाव