छापा आणि करार

१६ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात सशस्त्र पोलिसांनी एका ध्वनिमुद्रण कार्यालयावर छापा घातला. सुमारे ८१ हजार तबकड्या, मुद्रणाची यंत्रसामग्री आणि काही मोटारी जप्त झाल्या. टायरी सिमन्स आणि डॉन कॅनन या दोघांना अटक झाली. त्यांच्यावर लावलेले कलम किरकोळ चोरीचे नव्हते. संघटित गुन्हेगारीच्या टोळ्या मोडण्यासाठी जॉर्जिया राज्याने केलेल्या कायद्याचे होते. छाप्याच्या वेळी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेचे तपासनीसही हजर होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या सिमन्सचा ‘गँगस्टा ग्रिल्झ : द अल्बम’ हा स्टुडिओ अल्बम बाजारात आला. त्यामागे अटलांटिक ही कंपनी होती; आणि ती ज्या वॉर्नर समूहाची, तो समूह उपर्युक्त संघटनेच्या बड्या सभासदांपैकी एक. किंबहुना छापा पडला तेव्हाच अटलांटिकशी सिमन्सचा करार झालेला होता. पुढच्या दाराने पाहुण्याला पाटावर बसवावे आणि मागच्या दाराने पोलीस बोलवावेत, असा हा प्रकार.

सिमन्सला जग ‘डी.जे. ड्रामा’ या नावाने ओळखते. परदेशी कर्कश संगीताच्या या भानगडीशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. प्रस्तुत लेखकालाही या संगीताची फारशी गोडी नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मालमत्तेच्या हक्कांचे अर्थशास्त्र शिकविताना एका विद्यार्थ्याने हा अल्बम पुढे केला आणि त्याच्या आग्रहाखातर तो शेवटपर्यंत ऐकला. काही भाग आवडला, काही भागातील शिवराळपणा मुळीच आवडला नाही. परंतु त्या निमित्ताने जे वाचनात आले, त्याने आमच्या महाविद्यालयाच्या झेरॉक्स यंत्रापर्यंत आणून सोडले. त्याविषयी पुढे.

आपल्याकडे डी.जे. म्हटले की मिरवणुकीतील कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती डोळ्यांपुढे येतात. हिप-हॉपमधील डी.जे. निराळा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल या जमैकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने भरविलेल्या समारंभात तबकड्या वाजविल्या. गाण्यातील नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवीत न्यायचा, ही त्याची युक्ती. या संगीताचा जन्मदिन म्हणून हाच दिवस मानला जातो. त्या तालावर यमके जुळवून बोलणारा गडी, म्हणजे रॅपर, हा प्रारंभी डी.जे.चा साथीदार होता. तबकड्यांचा व्यापार सुरू होताच मात्र पारडे फिरले. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे अफाट खपले. त्यात बोलणारे तिघे होते, डी.जे. नव्हताच. आणि त्याचा ताल ‘शीक’ या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्यावरून घेतलेला असल्याने मूळ रचनाकारांनी दाव्याची भाषा केली व आपली नावे त्यावर लावून घेतली. म्हणजे या संगीताच्या पहिल्या गाजलेल्या तबकडीच्या पाळण्यातच मालकीचा तंटा निजलेला होता.

मग डी.जे.ने करावे काय? त्याने मिक्सटेप काढली. निरनिराळ्या रॅपर मंडळींना बोलवायचे, गाजलेल्या गाण्यांचे ताल घ्यायचे, त्यांवर नवे बोल म्हणून घ्यायचे, सगळे एका ओघात जोडायचे, मधून मधून स्वतःचा आरोळीवजा आवाज मिसळायचा आणि आधी कॅसेटीवर, पुढे तबकडीवर उतरवून ते रस्त्यावर, लहान दुकानांत विकायचे. यात त्याने स्वतः गायिले काय, रचिले काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. दिवाळी अंकाचा संपादक तरी स्वतः किती लिहितो? कोणाकडून काय मागायचे, कोणाशेजारी कोणाला बसवायचे, नवख्याला पहिल्या पानांत घ्यायचे की नाही, हे तो ठरवितो. आणि अंक त्याच्या नावाने ओळखला जातो. डी.जे.चे कर्तृत्व याच जातीचे आहे.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र मोठे मनोरंजक आहे. नवा रॅपर खपेल की पडेल, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. त्याच्यावर लाखो डॉलर लावून मग ते बुडविण्यापेक्षा कोणी परभारे बाजार चाचपून दिला, तर कंपनीला हवेच असते. मिक्सटेपवाल्यांनी नेमके तेच केले. २००२ साली ‘फिफ्टी सेंट’ हा रॅपर मिक्सटेपांवरून गाजला आणि २००३च्या फेब्रुवारीत आलेला त्याचा अल्बम काही दिवसांतच आठ लाखांहून अधिक खपला. २००५ मध्ये ‘यंग जीझी’च्या बाबतीत हेच घडले; त्याची मिक्सटेप सिमन्सनेच काढली होती. ही वाट कंपन्यांना इतकी मानवली की त्यांची प्रसिद्धीखाती नवी गाणी आपण होऊन डी.जे. मंडळींकडे पोहोचवू लागली. धोका डी.जे.ने पत्करायचा, माहिती कंपनीने घ्यायची. शेतकऱ्याच्या बांधावर नवे बियाणे फुकटात पारखून घ्यावे आणि पीक चांगले आले की त्यालाच बियाणेचोर म्हणावे, तसे हे झाले.

कायद्याने रीतसर परवानग्या घेऊन तो का वागला नाही? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मायकेल हेलर या कायदेपंडिताच्या १९९८ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात आहे. सोव्हिएत राजवट कोसळल्यानंतर मॉस्कोत त्याला चमत्कारिक दृश्य दिसले. प्रशस्त दुकाने रिकामी आणि त्यांच्याच समोर पदपथावर टपऱ्या मालाने भरलेल्या! कारण दुकानाच्या मालकीचे तुकडे अनेक कचेऱ्यांत विभागले गेले होते: विकण्याचा हक्क एकाकडे, भाड्याने देण्याचा दुसऱ्याकडे, वापराचा तिसऱ्याकडे. यांपैकी कोणीही ‘नाही’ म्हणू शकत होता. ‘होय’ म्हणण्याचा अधिकार एकट्या कोणालाच नव्हता. टपरीला तेवढी कटकट नव्हती. वाचकांना मॉस्कोपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात वीस वारसांची नावे चढली आहेत आणि त्यांतील दोघे कोठे आहेत याचा पत्ता नाही, त्यांना ही पडीक जमिनीची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

अनेक पाहुण्यांचा अल्बम हा असाच सातबारा असतो. प्रत्येक रॅपर निराळ्या कंपनीशी करारबद्ध. प्रत्येक तालामागे रचनाकार, मुद्रक, प्रकाशक. सिमन्सच्या अल्बमात ‘फाइव्ह थाउजंड वन्स’ या एकाच गाण्यात नेली, टी. आय., यंग जीझी, ट्विस्टा असे अर्धा डझनाहून अधिक आवाज आहेत. अन्यत्र लिल वेन आहे, आउटकास्ट आहे. मिक्सटेपमध्ये हीच मंडळी एका दूरध्वनीवर येत असत. स्टुडिओ अल्बमात तेच आवाज आणावयाचे तर पाहुण्याबरोबर त्याच्या कंपनीचा वकीलही घरात येतो. हा खर्च बड्या कंपनीला झेपतो, टपरीवाल्याला झेपत नाही. छापा आणि करार यांमधले अंतर नीतीचे कमी आणि भांडवलाचे अधिक होते, असे माझे मत आहे.

तथापि, मिक्सटेपवाल्यांना संतपद देण्याचेही कारण नाही. ते तबकड्या विकत आणि पैसे मिळवीत. पाहुणे राजीखुशीने येत, परंतु ज्यांचे ताल उचलले जात, त्या रचनाकारांना विचारले जात नसे आणि त्यांच्या हाती छदामही पडत नसे. त्यांतील अनेक जण सिमन्सपेक्षा गरीब असू शकतात. त्यांची बाजू घेऊन कोणी न्यायालयात गेले असते, तर या लेखाचा सूर वेगळा झाला असता.

मात्र अटलांटाच्या कारवाईत भर कशावर होता? जॉर्जियाच्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवर ती काढणाऱ्याचे खरे नाव व पत्ता छापणे आवश्यक आहे, आणि मिक्सटेपांवर ते नव्हते. (आपल्याही कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने अशा अर्थाचे कलम आले आहे.) पत्ता नाही म्हणून ग्राहक फसतो, हे या नियमाचे तत्त्व. सिमन्स तर गाण्यागणिक आपले नाव ओरडून सांगत होता! १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरणाऱ्या रॅपरविरुद्ध निकाल देताना प्रारंभीच बायबलमधील चोरीविषयीची आज्ञा उद्धृत केली होती. चोरीची व्याख्याच वादात असताना धर्माज्ञा आठवावी, याचे मला नवल वाटते.

आता झेरॉक्स यंत्राकडे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील ‘रामेश्वरी’ या लहानशा झेरॉक्स दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. अध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र बांधून दुकान ती विद्यार्थ्यांना विकत असे. हीदेखील एक मिक्सटेपच. निवड अध्यापकाची, पाहुणे लेखक आणि टपरी दुकानदाराची. १९५७च्या कायद्यातील कलम ५२ शिक्षक व विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात प्रती काढण्याची मुभा देते, या आधारावर १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच डिसेंबरात खंडपीठाने ते तत्त्व मान्य केले, मात्र दिलेला मजकूर अध्यापनाला आवश्यक होता काय, एवढा मुद्दा तपासण्यासाठी प्रकरण परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

इतके होऊनही परिचयाच्या एका महाविद्यालयात गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या भिंतीवर सूचना लागली: पुस्तकातील कोणत्याही भागाची प्रत काढणे दंडनीय आहे. सूचनेखाली सही होती, कलम नव्हते. प्राचार्यांना विचारले, तर ‘उगाच लफडे नको’ असे उत्तर मिळाले. दोन हजारांचे पाठ्यपुस्तक न परवडणारी मुलगी ती सूचना वाचते आणि परत फिरते. ती कलम ५२ वाचायला जात नाही. अटलांटातही छाप्यानंतर मिक्सटेपांचा धंदा करणाऱ्या किती जणांनी दुकाने आवरली असतील! सिमन्सपाशी अटलांटिकचा करार होता, म्हणून तो तरला.

तरला म्हणजे चांगलाच तरला. २०१५च्या सुमारास त्याने आणि कॅननने ‘जनरेशन नाऊ’ हे स्वतःचे ध्वनिमुद्रण गृह अटलांटिकच्याच भागीदारीत काढले. २०२१ साली ‘टायलर, द क्रिएटर’ या रॅपरने आपला अल्बम जुन्या मिक्सटेपच्या धर्तीवर रचला, तेव्हा त्यात आरोळ्या देण्यासाठी त्याने सिमन्सलाच बोलाविले; आणि पुढल्या वर्षी त्या अल्बमाला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ज्या आवाजामुळे ८१ हजार तबकड्या जप्त झाल्या, तोच हा आवाज. आमच्या परिचयाच्या ग्रंथालयातील ती सूचना मात्र अजून भिंतीवर आहे. ती काढावी, किंवा तिच्या शेजारी कलम ५२चा मराठी अनुवाद तितक्याच ठळक अक्षरांत लावावा, असे पत्र मी प्राचार्यांना लिहिले आहे.