हत्ती ‘त्यांचे’ कसे?


‘कर्नाटकाने आपले हत्ती परत न्यावेत,’ असे दोडामार्गच्या वाचकाने मागच्या अंकात सुनावले. केळी-सुपारीची बाग तुडवली गेल्यावर राग येणारच. पण 2002 मध्ये दांडेलीकडून सिंधुदुर्गात उतरलेला कळप कुणी धाडला नव्हता. आणि 2015 मध्ये कुडाळच्या माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडायला शिकवलेले हत्ती, माहूत आले कुठून? कर्नाटकातूनच! (त्या तिघांतले दोन पुढे दगावले, तेही आठवावे.) महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तणाव वाढला की आमच्या कोल्हापूरच्या बस थांबतात, हत्ती थांबत नाहीत. कळप हलला की दोन्हीकडच्या वनखात्यांनी त्याच रात्री एकमेकांना कळवावे, एवढे तरी मागा.

– एक वाचक, संकेश्वर