‘मनाचे खेळ’ म्हणणं आता पुरे करा



परवा कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पिताना आपल्यातल्याच एका वहिनींचा विषय निघाला. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अपघातात गेले. तेव्हापासून त्यांना कुठलंच औषध सोसत नाही. साधी अर्धी गोळी घेतली तरी हातापायांना कंप सुटतो, छातीत धडधडतं. कुणीतरी म्हणालं, “अहो, सगळे मनाचे खेळ!” हशा पिकला. खरं सांगतो, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः २००६ पासून ऐकत आलोय. आज ते सगळं लिहूनच टाकतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

मी पहिल्यापासून असा नव्हतो. १९९४ चा सप्टेंबर आठवतो ना? प्लेगची बातमी आली आणि सुरत रिकामं व्हायला लागलं. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, आमच्या शाखेत पैसे काढायला ही झुंबड, आणि मेडिकलमधून टेट्रासायक्लिन बघता बघता गायब. एका ओळखीच्यानं मला एक पाकीट मिळवून दिलं. कॅश काउंटरमागे उभ्या उभ्या, रिकाम्या पोटी, चहाबरोबर मी त्या गोळ्या घेतल्या. काही म्हणजे काही झालं नाही. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि दगड पचवत होतो.

मग आला ऑगस्ट २००६. उकाई धरण भरलेलं, वरून येणारं पाणी थांबेना, आणि तापीत सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं. अडाजणला आमचं घर तळमजल्यावर. ७ तारखेला पाणी पायरीला लागलं तेव्हा मी काय उचललं? एफडीच्या पावत्या, पासबुकं, लॉकरची किल्ली. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. एक्याऐंशी वर्षांच्या आईला खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं. तिचा गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिला. आठवण झाली तेव्हा खाली छातीपेक्षा वर पाणी होतं.

वीज नाही, फोन बंद. १०८ ची गाडी गुजरातमध्ये यायला अजून वर्ष होतं, आणि आली असती तरी पाण्यातून कशी येणार? तिसऱ्या दिवशी, राखीपौर्णिमेच्या पहाटे आई गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी होडी मिळेपर्यंत ती त्या परक्या घरातल्या खाटेवर होती. शेजारच्या बेननी तिच्या उशाशी तुपाचा दिवा विझू दिला नाही. गोळ्या असत्या तर आई वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण एफडीच्या पावत्या कोरड्या राहिल्या, हे मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी माझं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. पहिली गोळी घेतली आणि अर्ध्या तासात जीभ बधिर, तळहात ओले, छातीत हातोडे. ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणाले, “कंई नथी काका, मननो वहेम छे.” घरी मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही उगाच जास्त विचार करता.” गोळी बदलली की नवा त्रास, आणि त्रास सांगितला की तेच उत्तर.

आता खरी गंमत ऐका. त्यातली एक गोळी होती अ‍ॅम्लोडिपिन. माझे पाय घोट्यापाशी सुजायला लागले, चपलेत जाईनात. तेही मनातच! मग दुसरी दिली, रॅमिप्रिल. रात्र रात्र कोरडा खोकला. तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, एवढा मोठा खोकला मनातून येतो का?” पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं की अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजणं आणि रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येणं हे दोन्ही सर्वांना माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. माहितीपत्रकातच छापलेले असतात. पण माझ्या नावापुढे एकदा ‘वहेमी’ असा शिक्का बसला होता, त्यामुळे पत्रक उघडून बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

माझं भांडण इथेच आहे. बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर आम्ही फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकत असू आणि ती सापडेपर्यंत व्हाउचरं चाळत असू. कारण सापडत नाही म्हणून ‘फरकच नाही’ असं लिहिणाऱ्या ऑफिसरला आम्ही काउंटरवर एक दिवस टिकू दिला नसता. मग माणसाच्या शरीराच्या बाबतीत ही सूट कशी काय?

मला बाहेर काढलं ते एका छोट्या दवाखान्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी. त्यांनी फाईल बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, “२००६ ला कुठे होता?” सुरतेत या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी गोळ्यांच्या डब्यापर्यंत आलो आणि पुढे बोलता येईना. त्यांनी घाई केली नाही. नंतर म्हणाले, “तुमचं शरीर पहाऱ्यावर उभं आहे. गोळी हातात आली की ते घंटा वाजवतं. घंटा खरी, धडधडही खरी. आता त्यात भीतीचा वाटा किती आणि औषधाचा किती, ते आपण दोघं मिळून शोधू.” एका वेळी एकच औषध, शक्य तेवढ्या कमी मात्रेपासून सुरुवात. पहिली गोळी त्यांच्यासमोर घेऊन अर्धा तास तिथेच बाकावर बसायचं. आणि एक वही: तारीख, वेळ, गोळी, काय झालं, किती वेळ टिकलं. तीन महिन्यांत वहीवरूनच दिसायला लागलं. धडधड हळूहळू कमी झाली, म्हणजे तो वाटा बहुतेक भीतीचा. खोकला मात्र रॅमिप्रिल बंद केल्यावरच गेला. तो औषधाचा. आज मी दोन गोळ्या नियमित घेतो.

‘मनाचे खेळ’वाल्यांनी आणखी एक ऐकावं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सोसत नाही म्हणून सोडून दिलेले ६० लोक घेतले. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीनं जो त्रास झाला त्यातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनंही झाला. “बघा, मनाचंच होतं!” असं तुम्ही म्हणाल. थांबा. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्रास त्यांना खरोखरच होत होता. आणि त्यांची थट्टा न करता त्यांचेच आकडे त्यांना दाखवले, तेव्हा त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

काही जण म्हणतील, काका, असं लिहिलंत तर लोक औषधं सोडतील. अहो, लोक सोडतात ते तुमच्या हसण्यामुळे! मी आठ महिने रोज सकाळी बीपीची गोळी सौ.समोर तोंडात टाकायचो आणि बेसिनमध्ये थुंकून नळ सोडायचो. त्या आठ महिन्यांत लकवा झाला असता तर? तो काय मनाचा खेळ ठरला असता? तेव्हा स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, हेही तेवढंच ठासून सांगतो. आणि औषध घेतल्यावर ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांध्या उठल्या, श्वास अडकला, तर वहीबिही बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा. ती अ‍ॅलर्जी असू शकते, तिथे वाट बघायची नसते.

औषधाचा दुष्परिणाम कळवायला सरकारचीच यंत्रणा आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया. २०१० पासून चालू आहे. रुग्णालाही तक्रार देता येते, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. आपल्या सोसायटीत किती जणांना हे माहीत होतं? मला तरी नव्हतं.

उद्या मी आणि सौ. त्या वहिनींकडे जाणार आहोत. आधी हसल्याबद्दल माफी मागणार, मग एक कोरी वही देणार आणि विचारणार, “सांगा वहिनी, काय काय होतं?” पुढचा अर्धा तास गप्प बसून ऐकणार. कोजागिरीला त्या गच्चीवर आपण वीसेक जण तरी होतो. बाकीच्यांचं काय ठरतंय, ते खाली लिहा.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, अडाजण, सुरत