पाहुण्याचे कर्तव्य

अल्जीरिया देशात, सहाराच्या वाळवंटात, तासिली नावाचे खडकाळ पठार आहे. तेथील गुहांत हजारो वर्षांपूर्वीच्या मानवाने गाई, जिराफ व पाणघोडे रंगविले. कारण त्या काळी तेथे तळी आणि कुरणे होती. १९८२ साली या स्थळाला जागतिक वारशाचा मान मिळाला. दिवसा उन्हात पायपीट करून व रात्री उघड्या आकाशाखाली मुक्काम करून प्रवासी ही चित्रे पाहतात. पूर्वी काहींनी रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर पाणी फिरविले. त्यामुळे ती फिकट झाली. जेथे पाण्याचा थेंबन्‌थेंब जपावा, तेथे ते हौसेखातर भिंतीवर उधळणे हा दुहेरी अपराध होय. मुलांनो, अशा ठिकाणी आपण पाहुणे असतो. पाहुण्याने डोळे भरून पाहावे; हात मात्र आवरावेत.