टोरांटोनंतर दीड वर्षांनी

जयंत सोमलकर यांचा पहिला चित्रपट 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झाला. त्यात कामं केली ती तिथल्या आणि आसपासच्या माणसांनी. शिकू पाहणारी सविता, कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला तिचा बाप आणि घरात पुन्हापुन्हा होणारे मुलगी पाहण्याचे कार्यक्रम, एवढीच गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये हा चित्रपट टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो लागला ७ मार्च २०२५ रोजी. मधे दीड वर्ष गेलं. आशियातल्या नव्या दिग्दर्शकांना महोत्सव काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, हे दोन्ही त्या दीड वर्षात दिसतं.

नेटपॅक हे नाव आपल्याकडच्या बातम्यांत एका ओळीत उरकलं जातं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आशियाई सिनेमाच्या प्रसारासाठी झटणारी ही संस्था १९९० साली दिल्लीत आकाराला आली. तिच्यामागे होत्या अरुणा वासुदेव. १९८८ पासून त्या आशियाई सिनेमाला वाहिलेलं 'सिनेमाया' हे त्रैमासिक चालवत होत्या. त्याआधी आपल्याला शेजारच्या देशांतला सिनेमा कळायचा तो बहुधा युरोपने त्याला नावाजल्यावरच. कुरोसावांचा 'राशोमोन' १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पोचला, कारण जुलियाना स्त्रामिजोली या जपानमध्ये शिकवणाऱ्या इटालियन बाईंनी त्याचा आग्रह धरला. चित्रपट पाठवल्याचं खुद्द कुरोसावांना ठाऊक नव्हतं! त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जपानी सिनेमाकडे जगाचं लक्ष गेलं. पण असा योगायोग किती जणांच्या वाट्याला येणार? नेटपॅकने जगभरच्या महोत्सवांत आशियाई चित्रपटांसाठी स्वतंत्र परीक्षक मंडळं नेमायला सुरुवात केली. मोठ्या नावांच्या गर्दीतही डोंगरगावातला चित्रपट कुणीतरी शेवटपर्यंत, लक्ष देऊन पाहील, याची सोय त्यामुळे झाली.

दुसरी मोठी सोय केली बुसानने. दक्षिण कोरियातल्या या बंदराच्या शहरात १९९६ मध्ये महोत्सव सुरू झाला. तिसऱ्याच वर्षी, १९९८ मध्ये, तिथे चित्रपट-प्रकल्पांचा बाजार भरला. चित्रपट अजून कागदावर असतानाच दिग्दर्शकाने तिथे जायचं आणि निर्माते, वितरक यांच्यासमोर बसून आपली गोष्ट मांडायची. त्याच वर्षी चीनच्या जिया झांगके यांच्या 'शिआओ वू' या पहिल्या चित्रपटाला बुसानचा नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला. सरकारी परवानगीच्या वाटेबाहेर, अगदी थोड्या पैशांत केलेला तो चित्रपट होता. आज जिया जगातल्या महत्त्वाच्या दिग्दर्शकांमध्ये गणले जातात. किम जी-सोक हे बुसानचे संस्थापकांपैकी एक. आशियाभरातले नवे दिग्दर्शक हुडकण्यात त्यांनी आयुष्य घातलं, आणि मे २०१७ मध्ये कान महोत्सवासाठी गेले असताना त्यांचं तिथेच निधन झालं. चित्रपट निवडणारी ही माणसं पडद्यावर कधीच दिसत नाहीत. पण त्यांच्या नजरेमुळे कितीतरी दिग्दर्शकांचं आयुष्य पालटलं आहे.

माझं ठाम मत आहे की महोत्सवाचं खरं काम पुरस्काराच्या खूप आधी सुरू होतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या पटकथेला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीने हात दिला होता, हे फार कमी लोकांच्या ध्यानात राहिलं. रोहन कानवडे यांनी कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये शिक्षण घेतलेलं नाही. त्यांचा 'सबर बोंडं' राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचं (एनएफडीसी) पटकथा शिबिर, व्हेनिसची कार्यशाळा, गोव्यातला फिल्म बाजार अशी वाट तुडवत जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पोचला आणि जागतिक कथापट विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन आला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही कथा. अशा गोष्टीवर पैसे लावायला कुणी पटकन पुढे येत नाही. शिबिरात, बाजारात भेटलेली अनोळखी माणसं पटकथा वाचतात, खोडून काढतात, पुन्हा लिहायला लावतात, दुसऱ्या कुणाला तरी नाव सुचवतात. चित्रपट उभा राहतो तो या माणसांच्या बळावर.

इथे नव्या मुलांना कळकळीने एक सांगायचं आहे. प्रवेश शुल्क घेऊन प्रत्येकाला पुरस्कार वाटणारे, कुणी प्रेक्षकच नसलेले 'आंतरराष्ट्रीय महोत्सव' आज ढीगभर झाले आहेत. पोस्टरवर लावायला पानांच्या कमानी मिळतात, पण चित्रपट कुणी पाहत नाही. वर्ल्ड प्रीमियर एकदाच होतो, आणि बरेच मोठे महोत्सव त्यासाठी अडून बसतात. तो अशा ठिकाणी वाया घालवू नका. थांबा, चौकशी करा, आधी तिथे कुणाचे चित्रपट दाखवले गेले ते बघा.

आता महोत्सवांना जे जमत नाही त्याकडे. महोत्सव चित्रपटाला परदेशातला प्रेक्षक देतो, समीक्षक देतो, विक्री करणारा एजंट मिळवून देतो. घरचं चित्रपटगृह मात्र तो देऊ शकत नाही. विनोदराज यांच्या 'कूळांगल' या तमिळ चित्रपटाने २०२१ मध्ये रॉटरडॅमचा टायगर पुरस्कार जिंकला, भारताकडून ऑस्करलाही तोच गेला, आणि भारतातला प्रेक्षक तो पाहू शकला २०२३ मध्ये, ओटीटीवर. 'सबर बोंडं' सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला, तोही राणा दग्गुबातींची कंपनी पाठीशी उभी राहिली म्हणून.

महाराष्ट्र शासन २०१६ पासून निवडक मराठी चित्रपट कानच्या बाजारात पाठवतं. हे चांगलंच आहे. पण जो चित्रपट कानपर्यंत नेता येतो, तो चंद्रपूर, लातूर, सांगलीत आठवडाभर सोयीच्या वेळेला दाखवण्याची व्यवस्थाही शासनाला करता आली पाहिजे. जिल्ह्याच्या गावी नाट्यगृहं आहेत, काही ठिकाणी फिल्म सोसायट्या अजून तग धरून आहेत. त्यांना प्रोजेक्टर द्या, चित्रपटाचं भाडं द्या, निवड त्यांच्यावर सोपवा. याचा खर्च एका परदेश दौऱ्याहून फार मोठा नसेल.

आणि वाचकहो, तुम्हीही पुरस्काराच्या बातमीवर थांबू नका. असा चित्रपट लागला की पहिल्या तीन दिवसांत जा, कारण सोमवारी त्याचे खेळ कापले जातात. दुपारी बाराचा एकच खेळ ठेवला असेल, तर चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला गाठा आणि संध्याकाळचा मागा.