आमच्या केसांचा निर्णय कुणी घ्यायचा?

नॉन-बायनरी व्यक्तीने केस कसे कापावेत, हा विषय जातिअंताच्या व्यासपीठावर कशाला, असं आपल्याच चळवळीतले अनेक जण विचारतात. शिष्यवृत्ती रखडलेली, भरती बंद, गावागावांत अत्याचार, आणि तुम्हाला केसांचं पडलंय? हे शहरातल्या सवर्णांचं फॅड आहे, असंही ऐकायला मिळतं. मी नॉन-बायनरी आहे, म्हणजे बाई आणि पुरुष या दोन्ही रकान्यांत स्वतःला मानत नाही. माझं कुटुंब बौद्ध आहे आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझी. म्हणून या आक्षेपाला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

पहिली गोष्ट, केस हा आपल्यासाठी कधीच किरकोळ विषय नव्हता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिलं आहे. तिथे न्हावी भरपूर होते, घरात पैसे द्यायची ऐपतही होती. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. दुसरीकडे ब्राह्मण विधवांचे केस त्यांच्या मर्जीविरुद्ध उतरवले जात. त्याविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी, हे काम आमच्या हातून होणार नाही, असा निर्धार केला. आणि तिसरीकडे पोतराज. देवीच्या नावाने सोडलेल्या दलित घरातल्या मुलाने केस कापायचे नाहीत, लांब केस मोकळे सोडून, अंगावर आसूड ओढत दारोदार मागत फिरायचं.

एकाचे केस कापायला नकार, एकीचे जबरदस्तीने कापले, एकाला कापायची बंदी. तीन वेगळ्या गोष्टी दिसतात, पण मुळाशी एकच नियम आहे: डोकं तुमचं, हुकूम दुसऱ्याचा. त्यामुळे मुक्ती आखूड केसांत असते की लांब केसांत, हा प्रश्नच चुकीचा आहे. पोतराजाने केस कापले ती मुक्ती होती. एखाद्या ट्रान्स बाईने घरच्यांचा मार खाऊन केस वाढवले तर तीही मुक्तीच आहे. निर्णय कुणाचा, एवढंच बघायचं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांनी लुगडं नेसण्याची ठरावीक पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडून द्यायला सांगितलं. कारण त्यावरून लांबून जात ओळखता येत होती. समाजाने अंगावर लादलेली खूण उतरवून ठेवा, हा त्याचा अर्थ. तिकडे तमिळ मुलखात पेरियार यांनी बायकांनी केस आखूड कापावेत, पुरुषांसारखे कपडे घालावेत, असं उघडपणे मांडलं. आपल्या परंपरेत हा विचार आधीपासून आहे. तो सवर्णांकडून उसना आणायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, न्हाव्याच्या खुर्चीवर बसण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे. अनुच्छेद १५ मध्ये दुकानांत प्रवेश नाकारता येणार नाही असं म्हटलं आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा केशकर्तनालयं त्यात येतात का, असं विचारलं गेलं. बाबासाहेबांनी दुकानाचा अर्थ मुद्दाम व्यापक सांगितला: येणाऱ्या माणसाला मालक जिथे सेवा द्यायला तयार असतो ती जागा. पुढे १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की याच अनुच्छेदातल्या 'लिंग' या शब्दात लिंगभावाची ओळखही येते. माणसाने कसं दिसावं, काय घालावं, हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे जातीमुळे खुर्ची नाकारणं आणि 'लेडीज अलाऊड नाही' म्हणून परत पाठवणं, या दोन्ही गोष्टी एकाच अनुच्छेदासमोर उभ्या राहतात.

आता प्रत्यक्ष व्यवहार. आपल्या बहुतेक शहरांत दोन दुकानं असतात: जेन्ट्स सलून आणि लेडीज पार्लर. सलूनमध्ये मला "मॅडम, इथे नाही होत" हे ऐकायला मिळालं आहे, आणि पार्लरमध्ये "बॉयकट? घरी विचारलं का?" हे. इंग्रजीत बोलणारं, 'सर्वांचं स्वागत' लिहिलेलं युनिसेक्स सलून असतं, पण तिथला एका कटिंगचा खर्च म्हणजे माझी मेसची आठवड्याची सोय. शहरी क्वीअर वर्तुळात केसांबद्दल जे बोललं जातं, त्यात हा हिशेब नसतो. तिथे केस ही आवड असते. आपल्याकडे ती आवड परवडते का, हा प्रश्न आधी येतो.

माझा अनुभव असा की गल्लीतल्या साध्या सलूनमध्ये गर्दी नसलेल्या वेळी, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दुपारी गेलं, तर काम होतं. 'मुलासारखे कापा' असं न म्हणता नेमकं सांगायचं: बाजूला तीन नंबर मशीन, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर केस राहतात, वर कात्रीने चार बोटं ठेवा, कल्ले सरळ कापा, टोकदार नको, मानेवरची रेघ कडक नको, हळूहळू उतरवा. कारागिराला त्याच्या कामाची भाषा कळते, आणि लिंगभावावर व्याख्यान द्यावं लागत नाही. तोही बलुतेदारीतून आलेल्या जातीचा, दिवसभर उभा राहून राबणारा माणूस आहे. त्याच्याशी बरोबरीने बोललं तर पुढच्या वेळी तो स्वतःहून खुर्ची पुसून देतो.

घरच्यांचं काय? माझी आई म्हणते, "नोकरी लागू दे, मग काय करायचं ते कर." याला नुसती पितृसत्ता म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. तेल लावून घट्ट घातलेली वेणी आणि इस्त्रीचा युनिफॉर्म हे आमच्या आयांचं हत्यार होतं. 'अस्वच्छ' म्हणून मास्तराने मागे बसवू नये म्हणून त्या पहाटे उठून आमचे केस विंचरत. दिसण्यावरून वागणूक ठरते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मुलाखतीच्या खोलीत आडनावावर एकदा, केसांवर दुसऱ्यांदा गुण कापले जातील, ही त्यांची भीती खरी आहे.

म्हणून ज्यांची परीक्षा, मुलाखत किंवा हॉस्टेलचा प्रवेश अजून बाकी आहे, त्यांना मी 'आजच कापा' असं सांगणार नाही. थांबणं म्हणजे भित्रेपणा नाही. खालून मशीन मारून वरचे केस लांब ठेवता येतात; बांधले की मशीन दिसतं, सोडले की झाकलं जातं. गावी जाताना एक, कॉलेजात दुसरं. ही तडजोड आहे, पण तीही आपण ठरवलेली.

खरी अपेक्षा आपल्या संघटनांकडून आहे. अभ्यासिकेत, वसतिगृहात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एखाद्याचे केस बघून "मुलगा की मुलगी?" विचारणं बंद करा. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचं डोकं जुळत नाही म्हणून कुणाला परीक्षेच्या दारात अडवलं, तर जातीच्या दाखल्यासाठी जसे कार्यालयात धावता तसे तिथेही धावा. वस्तीतल्या सलूनवाल्या दादाशी एकदा बोलून ठेवा की आमची अशी पोरं येतील, त्यांना परत पाठवू नका. याला निधी लागत नाही, ठरावही लागत नाही.

बाबासाहेबांच्या बहिणीने भावंडांचे केस कापले, कारण बाहेरच्या जगाने दार लावलं होतं. आपल्यातल्या कुणालाही पुन्हा आरशासमोर एकट्याने कात्री धरावी लागू नये, एवढं आपण नक्कीच करू शकतो. जय भीम.