‘गॅस झाली असेल’ म्हणायच्या आधी

आपल्या सडक अर्जुनीत कुणाच्या छातीत दुखायला लागलं की घरात सगळ्यात आधी कोणतं निदान होतं, माहितीये? गॅस! “काही नाही होत, गॅस चढली असन. ओवा खा, सोडा पी, थोडं पडून राहा.” घरातलं मोठं माणूस बोलतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. पाठ भरून आली तर रोवणीमुळे. डावा हात दुखला तर धानाचं पोतं उचलल्यामुळे. दम लागला तर वयामुळे. प्रत्येक दुखण्याला आपल्याकडे एक घरगुती नाव तयारच असतं.

बहुतेक वेळा ते नाव बरोबरही असतं, म्हणून तर आपला त्यावर एवढा विश्वास बसलाय. पण ज्या दिवशी ते चुकतं, त्या दिवशी माणूस हातचा जातो. हार्ट अटॅकचा विषय निघाला की आपण रस्ते, अँब्युलन्स आणि दवाखान्याच्या नावाने बोटं मोडतो. ती मोडायलाच हवीत. पण त्याच्याही आधीचा एक उशीर आपल्या घरात, खाटेवर, ‘गॅस’ या शब्दाखाली होतो. तो उशीर कमी करायला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. घरातलं एक कॉलेजात जाणारं पोरगं किंवा पोरगी लागते. म्हणजे तुम्ही.

आत नेमकं काय होतं?

हृदय हा एक स्नायू आहे. सगळ्या शरीराला रक्त पुरवताना त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. हे काम गुपचूप चालतं, दुखत-खुपत नाही. मग एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. वाहिनी पूर्ण बंद झाली तर साधारण अर्ध्या तासाच्या आसपास तो स्नायू मरायला लागतो. पुढे प्रत्येक मिनिटाला थोडा थोडा मरत जातो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून डॉक्टर सारखे ‘वेळ, वेळ’ करत असतात.

आता लक्षणं. सिनेमातला हिरोचा बाप छाती आवळतो आणि कोसळतो. खऱ्या आयुष्यात तसं होईलच असं नाही. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं किंवा जड वाटणं; ते दुखणं डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, मानेत, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणं; दरदरून थंड घाम; दम लागणं; मळमळ, उलटी, चक्कर. यातली सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. मळमळ आणि वरच्या पोटातलं दुखणं वाचलंत ना? इथेच तर ‘गॅस’वाला घोळ होतो!

बायकांमध्येही छातीत दुखतंच, पण सोबत खूप थकवा, दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं जास्त दिसू शकतं. डायबेटिस असलेल्या माणसाला तर कधी कधी फारसं दुखतही नाही. आणि आपल्या घरातली आई काय करते, ते तुम्हाला माहितीच आहे. रोवणी आटपेपर्यंत ती कुणाला काही सांगत नाही. तिने स्वतःहून “बरं वाटून नाही राहिलं” असं म्हटलं, तर ते हलकं घेऊ नका.

नटालाही ‘मसल पुल’च वाटलं

हे फक्त गावाकडचं नाही बरं. डिसेंबर 2023 मध्ये अभिनेता श्रेयस तळपदेला मुंबईत हार्ट अटॅक आला. वय 47. दिवसभर शूटिंग केलेलं. शेवटच्या शॉटनंतर दम लागला, डावा हात दुखायला लागला. ॲक्शनचे सीन केल्यामुळे स्नायू ताणला गेला असेल असं आपल्याला वाटलं, हे त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. दवाखान्यात नेताना तो कोसळला, हृदय थांबलं. मग अँजिओप्लास्टी झाली आणि तो वाचला. कोलेस्टेरॉल थोडं जास्त होतं, त्याची औषधं सुरू होती आणि घरात हृदयरोगाचा इतिहास होता, हेही त्याने सांगितलं.

मुंबईत राहणारा, व्यायाम करणारा, पैसा असलेला माणूस ‘मसल पुल’ म्हणतो. आपल्याकडचे काकाजी ‘गॅस’ म्हणतात. शब्द वेगळे, सवय एकच. फरक पुढे पडतो. मुंबईत मोठा दवाखाना जवळ असतो. आपल्याकडे गोंदिया चाळीस-पन्नास किलोमीटर आणि नागपूर शंभराच्या वर. ज्याचा रस्ता लांब, त्याने तर घरातून लवकर निघायला पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो.

“राबणाऱ्याला काही होत नाही”

आपला दुसरा लाडका गैरसमज म्हणजे हा रोग शहरातल्या, गादीवर बसणाऱ्या, तूप खाणाऱ्या लोकांचा. 2004 मध्ये ‘इंटरहार्ट’ नावाचा 52 देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे 90 टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला असतो, असं त्यात दिसलं. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, ब्लड प्रेशर, डायबेटिस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. यात गाव-शहर असा कॉलम नाही. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा आपल्यासाठी आहे. भारत आणि शेजारच्या देशांत पहिल्या अटॅकचं मधलं वय 53 निघालं, बाकी देशांत जवळपास 59. म्हणजे आपल्याकडे तो पाच-सहा वर्षं आधीच दारात येतो. तुम्ही कॉलेजात असता तेव्हा तुमचे बाबा साधारण किती वर्षांचे असतात, जरा मोजा.

शेजारच्या गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग यांना वयाच्या 44 व्या वर्षी हार्ट अटॅक आला. शहराच्या झगमगाटात नाही, आदिवासी भागात काम करणारा माणूस, तोही स्वतः डॉक्टर. त्यावर त्यांनी लिहिलेलं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महाराष्ट्रभर वाचलं गेलं. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर काढा, परीक्षेला नसलं तरी.

आणि आता खर्रा

वरच्या नऊ गोष्टींत तंबाखू आहे. आता चौकातल्या ठेल्यावर या. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटला जातोय आणि रांगेत आपलेच वर्गमित्र उभे आहेत. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू खातात असं आढळलं. ओढणारे फक्त 3.8 टक्के. म्हणजे आपला खरा प्रश्न सिगारेटपेक्षा पन्नीतला आहे.

खर्रा म्हटलं की आपल्याला तोंडाचा कॅन्सर आठवतो. पुडीवरचे फोटो तेच दाखवतात. पण निकोटिन तोंडातून थेट रक्तात जातं, नाडी वाढवतं, रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. गालात तास-तास धरून ठेवल्यावर ते रक्तात बराच वेळ राहतं. “मी ओढत नाही, फक्त खातो” हे वाक्य फुप्फुसाला ऐकवा, हृदय ते ऐकत नाही. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावागावांत काम करतंय. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांनी तिथे एक सहल काढावी. नागझिरा-नवेगावबांध तर आपण पाहिलेलंच आहे!

“पण आपल्याकडे सोयी कुठे आहेत?”

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो खोटा नाही. अँजिओप्लास्टीसाठी आपल्याकडची माणसं नागपूरची वाट धरतात. गोंदियाचं सरकारी मेडिकल कॉलेज 2016 मध्ये सुरू झालं, पण तालुक्यातून तिथे पोचायलाही वेळ लागतोच. “मग लक्षणं ओळखून तरी काय उपयोग?” असं म्हणणारे भेटतात. मला हा विचारच सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो शहाणपणासारखा दिसतो.

उपयोग आहे. हार्ट अटॅकचा सगळा उपचार अँजिओप्लास्टीच्या टेबलावरच सुरू होतो असं नाही. पहिली पायरी ईसीजी. काही मिनिटांचं काम. डॉक्टर लगेच ॲस्पिरिन चघळायला देऊ शकतात. विशिष्ट प्रकारचा अटॅक असेल आणि रुग्णाला चालणारं असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही देता येतं. हे साधारण 12 तासांच्या आत द्यायचं असतं आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त. आता हिशोब करा. रात्री नऊला दुखायला लागलं आणि ‘सकाळी पाहू’ म्हणून झोपलो, तर त्या बारांपैकी नऊ-दहा तास आपणच जाळले. महामार्ग 53 ने नाही.

म्हणून सोयींची मागणीही नीट करू. ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास ईसीजी काढता आणि वाचता येतो का, हे इंजेक्शन ठेवलेलं असतं का, हे ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींना विचारा. मोघम ‘आरोग्य सुविधा द्या’ म्हणण्यापेक्षा हे दोन प्रश्न जास्त टोचतात. खर्चाची भीती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे उपचार येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना भेटा. घरातलं रेशनकार्ड आणि आधारकार्ड कुठे ठेवलंय, एवढं आजच पाहून ठेवा.

तुमचं काम काय?

एक, छातीतला दाब किंवा वरची लक्षणं काही मिनिटांत गेली नाहीत, किंवा जाऊन परत आली, तर वाद घालत बसू नका. 108 लावा. 2014 पासून ही सेवा राज्यात आहे आणि फुकट आहे. पेशंटला बाइकवर मध्ये बसवून कोहमाऱ्याकडे पळवू नका, चालवू नका. अँब्युलन्सला फार वेळ लागणार असेल तर चारचाकी शोधा आणि ईसीजी होईल अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी न्या. मनाने गोळ्या देऊ नका, फोनवर डॉक्टरला विचारा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं सुरूच असेल, तर घरी न जाता थांबा. तो पुन्हा काढावा लागू शकतो.

दोन, हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं यातला फरक लक्षात ठेवा. अटॅकमध्ये माणूस बहुतेकदा शुद्धीत असतो, बोलतो. हृदय बंद पडलं तर तो कोसळतो, हाक मारली तरी उत्तर देत नाही, श्वास नीट चालत नाही. अशा वेळी कांदा हुंगवायचा नाही, पाणी पाजायचं नाही. 108 लावून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटीमीटर दबेल असं. हे वाचून येत नाही, हात बसावा लागतो. एनएसएसच्या शिबिरात आपण दरवर्षी तेच गवत काढतो. यंदा एक दुपार सीपीआरला देऊ या का?

तीन, घरातल्या सगळ्यांचं बीपी मोजा. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. सरकारी तपासणी मोहिमेत आशाताई 30 च्या वरच्या लोकांची माहिती घेतात. त्या दारात आल्या की “आम्हाला काही नाही झालं” म्हणून बाबा मागच्या दाराने निघून जातात. त्यांना बसवून ठेवणं हे तुमचं काम. आणि औषध सुरू असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ते मध्येच सुटत नाहीये ना, तेही पाहा.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, रात्र-रात्र नाटकं होतील. सगळं घर जागं असेल, सोयरेधायरे आलेले असतील. तेव्हा कुणी छातीवर हात ठेवून उठलं आणि बाजूचा म्हणाला, “गॅस असन,” तर तिथे एक तरी आवाज असा हवा, जो मोठ्यांचा मान ठेवून पण न घाबरता म्हणेल, “काकाजी, गॅस असेल तर चांगलंच आहे. पण आधी ईसीजी काढू.” गॅसच निघाली तर लोक हसतील. हसू द्या.